व्याह्यांचा पेचकस

ऐकणं ज्याला खऱ्या अर्थानं येतं असा माणूस मी अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या पोरीचा सासरा निघाला. दैव त्यांचं खोटं, कारण त्याच जिल्ह्यातला सगळ्यात बडबड्या माणूस त्यांच्या वाट्याला व्याही म्हणून आला. तो मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात मी पोरांना ‘गप्प बसा’ म्हणून ओरडत काढली, पण स्वतः काही एक तासही गप्प बसलो नाही. निवृत्त झाल्यावर वसमतच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीनं गुरुवारची प्रार्थना सभा माझ्याकडं दिली, आणि मग काय विचारता! वर्गातली पोरं निदान खाली बसून एकमेकांना चिमटे तरी काढायची. इथं तर सगळे डोळे मिटून, हात जोडून माझ्या तावडीत सापडलेले. सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. व्याह्यांच्या कानांचं पुढं जे झालं त्यात माझ्या जिभेचा हात आहे. हसू येईल तिथं खुशाल हसा, पण हे लक्षात असू द्या.

व्याह्यांचं कुरुंद्याला मोटर वाइंडिंगचं दुकान. पत्र्याचं शेड, दारात तांब्याच्या तारेची भेंडोळी, आत वॉर्निशचा वास आणि चारी बाजूंना जळलेल्या मोटारी. विहिरीवरच्या, कडब्याच्या मशीनच्या, हळद पॉलिश करायच्या ड्रमच्या. मोटर आली की दुसरे मेस्त्री लगेच बोल्ट काढायला बसतात. हे आधी ती चालू करायचे, हातभर लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानात खुपसायचे आणि डोळे मिटून डावा हात वर करायचे. हात वर झाला की दुकानात चिडीचूप. शेजारचा शिंपी शिलाई मशीनवरचा पाय थांबवायचा. चहावाला कप हातात धरून उभा राहायचा. एकदा जवळा बाजारचा एक शेतकरी मोटर घेऊन आला. दोन मेस्त्र्यांनी त्याला ‘कॉइल गेली, पूर्ण भरावी लागंल’ म्हणून सांगितलेलं. व्याह्यांनी पाच मिनिटं ऐकलं, पेचकस खाली ठेवला आणि म्हणाले, “पाटील, हिला काय झालं न्हाई. बेरिंग कोरडं पडलंय. ग्रीस द्या न् घेऊन जा.” पाटलाचं समाधान होईना. “आवो, खोलून तर बघा!” व्याही म्हणाले, “खोलायला काय, कुनीबी खोलतं. ती काय म्हनून राहिली ते आधी ऐकाल का न्हाई?” पाटील चिडून मोटर घेऊन गेला आणि पुढच्या बाजारी कणसांची पिशवी घेऊन आला.

सोयरीक जुळली त्या दिवसाची गोष्ट तर आमच्या घरी अजून निघते. पोरगी बघायला ते आले, चहा-पोहे झाले, पोरीला दोन प्रश्न विचारून झाले. मी आमच्या घराण्याचा इतिहास सांगत होतो, आणि तो मी आजोबांच्या बाप्तिस्म्यापासून सुरू करतो. मध्येच व्याही उठले. “मला अर्धा घंटा द्या,” म्हणाले, आणि अंगणातल्या लिंबाखाली जाऊन मांडी घालून बसले. डोळे मिटलेले. घरात कालवा! बायकोनं पदर डोळ्याला लावला, “पोरगी पसंत न्हाई त्यांना, मी सांगते ना.” मी जावयाला, म्हणजे तेव्हा बघायला आलेल्या मुलाला, विचारलं की तुमचे वडील रुसले की काय. तो बिचारा लाजून म्हणाला, “न्हाई न्हाई, ते विचारून राहिलेत.” कुणाला विचारून राहिलेत, तर देवाला. अर्ध्या तासानं ते आत आले, पोरीकडं बघून म्हणाले, “मगाशी तुमचे वडील बोलत व्हते तवा एकटी तुमीच ऐकत व्हता. घरात ऐकनारं मानूस पाहिजे. आमचं व्हय हाये.” बायको हसायला लागली ती थांबेचना. आमच्याकडं व्याह्याला ईवाई म्हणतात. त्या दिवसापासून ते माझे ईवाई झाले आणि माझी चेष्टा करायला त्यांना, त्यांची चेष्टा करायला मला हक्काचं माणूस मिळालं.

तर गुरुवारची सभा. कुरुंद्याहून दर गुरुवारी जीपनं यायचे ते. आमच्या सभेची रीत अशी की आधी गाणं, मग बायबलचं वचन, मग प्रत्येकानं आपापले प्रार्थनेचे विषय सांगायचे आणि मी ते एका वहीत उतरवून घ्यायचे. कुणाची गुडघेदुखी, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाची म्हैस. मग वही समोर ठेवून मी एकेक विषय देवापुढं मांडायचा. मी प्रार्थना करतो ती हजेरी घेतल्यासारखी, असं बायको म्हणते. एकही नाव सुटत नाही, आणि देवानं काय करावं तेही मी त्याला क्रमानं सांगतो. एकदा मानाचे पाहुणे म्हणून मी व्याह्यांना म्हटलं, “ईवाई, आज प्रार्थना तुमी चालवा.” त्यांनी मान डोलावली. सगळ्यांनी डोळे मिटले. व्याही म्हणाले, “प्रभू, आमी बसलोत,” आणि थांबले. आम्हाला वाटलं, शब्द शोधत असतील. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. कुणीतरी खोकलं. स्वयंपाकघरात चहाचं दूध उतू चाललेलं मला वासावरून कळत होतं, बायकोलाही कळत होतं, पण प्रार्थनेतून उठायचं कसं? दूध सगळं शेगडीवर गेलं. दारावरून चाललेल्या शेजारच्या काकू आत डोकावल्या आणि ‘अगं बया, काय झालं ह्यांना!’ म्हणून घाबऱ्या झाल्या. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. मी खणखणीत आवाजात ‘आमेन!’ ठोकून दिलं. व्याह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, “आत्ता कुठं शांत झालं व्हतं, ईवाई.”

चहा काळा प्यावा लागला. मी तोंडसुख घेतलं, “ईवाई, ह्याला काय प्रार्थना म्हनावं? मागायचं ते मागावं, मोकळं व्हावं.” ते बशीत चहा ओतत म्हणाले, “मागा की. पन सारा वेळ आपुनच बोलून राहिलो, तर त्यानं कवा बोलावं?” मी म्हटलं, देव काय आपली वाट बघत थांबतो का. ते म्हणाले, “मला तर वाटतं, थांबतो.” मी विषय बदलला.

रोज सकाळी दुकानाचं शटर ते अर्धंच उघडायचे आणि आत जळक्या मोटारींमध्ये लाकडी पाटावर अर्धा तास बसायचे. गिऱ्हाईक आलं तर तो शिंपी, बौद्ध आहे तो, बाहेरूनच त्याला अडवायचा, “थांबा जरा. त्यांची लाइन चालू हाये.” गिऱ्हाईकही थांबायचं. मला भारी कुतूहल. एकदा विचारलंच, “काय सांगतो हो देव तुमाला एवढं रोज?” मला वाटलं होतं दर्शनं-बिर्शनं सांगतील, मी सभेत सांगेन. ते म्हणाले, “लई बार काहीच न्हाई. माझ्याच डोक्यातला खडखडाट ऐकू येतो. तो थांबला तर कधीमधी कुनाचं तरी नाव येतं. मंग त्याच्या घरी जाऊन येतो.” बस, एवढंच. मी हसलो. त्याच उन्हाळ्यात बायको माहेरी गेलेली असताना मी तापानं फणफणून दोन दिवस एकटा पडलो होतो. कुणाला कळवलं नव्हतं. भर दुपारी दाराची कडी वाजली. दारात व्याही, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पिठल्याचा डबा. मी म्हटलं, “काहून आलात एवढ्या उन्हात?” म्हणाले, “तुमचं नाव आलं.” कपाळाला हात लावून बघितला, न बोलता भाकरी कुस्करली आणि माझ्यासमोर ठेवली. तापातही मीच बोलत होतो. ते ऐकत होते.

अडीचेक वर्षांखाली एक नवीनच तऱ्हा सुरू झाली. व्याही पेचकसाची मूठ कानात घालायच्याऐवजी दातांत धरायला लागले. टोक मोटरवर, मूठ दातांत, डोळे मिटलेले. मी पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. “ईवाई, आता मोटारी खायला लागलात का?” दुकानातली चार माणसं हसली, तेही हसले. बोलणंही त्यांचं हळू झालं होतं, जवळ जाऊन ऐकावं लागे. आणि सभेत एक अजब घडायला लागलं. माझी प्रार्थना संपायची, मी आमेन म्हणायचो, सगळे डोळे उघडून पदर-टोप्या सावरायचे, आणि व्याही मात्र तसेच. डोळे मिटलेले, हात जोडलेले. कपबश्या वाजायला लागल्या तरी तसेच. मंडळीला केवढं कौतुक! एक आजी तर म्हणाल्या, “बघा, असं लागावं ध्यान.” इतकी वर्षं सभा चालवतो मी, घसा कोरडा करतो मी, आणि कौतुक कुणाचं, तर नुसतं बसणाऱ्याचं. खरं सांगतो, मला मत्सर वाटला. मी त्यांच्या खांद्याला हलवून सगळ्यांदेखत म्हटलं, “ईवाई, देवानं फोन ठेवला. आता तुमीबी ठेवा.” सगळे हसले. ते दचकून जागे झाल्यासारखे इकडंतिकडं बघायला लागले.

त्यांना आमेन ऐकूच आलं नव्हतं, हो. मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या माणसाला प्रार्थना संपली हे कळायला आमेनशिवाय दुसरं असतं काय? पेचकस दातांत धरायचे तेही त्याचसाठी, कान बंद झाले तरी आवाज दाता-हाडांतून आत पोचतो म्हणून. पण हे आज कळतं. त्यानंतरच्या गुरुवारपासून ते डोळे उघडे ठेवून बसायला लागले. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहायचे. माझे ओठ थांबले की हात सोडायचे. एका गुरुवारी वहीतला विषय बघायला मी डोळे किलकिले केले, तर समोर हे माझ्याकडं बघतायत! माझ्यातला मास्तर उसळला. प्रार्थना संपल्यावर मी सगळ्यांना उद्देशून, पण त्यांच्याकडं बघत, सांगितलं की लहान लेकरांनासुद्धा आपण शिकवतो, देवापुढं डोळे मिटायचे. व्याही म्हणाले, “बराबर हाये.” पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. हळदीचा हंगाम आहे, काम असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पोरगी पहिल्या बाळंतपणासाठी पाचव्या महिन्यापासूनच माझ्याकडं आलेली होती. व्याह्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, जावई हिंगोलीला नोकरीला, दिवस उगवायला जाणार आणि दिवे लागल्यावर येणार. म्हणजे कुरुंद्याच्या घरात व्याही एकटेच. नात महिन्याची झाली असेल, एका दुपारी ते आले. अंगात इस्त्रीचा सदरा, कानात कापसाचे बोळे. वारं लागू नये म्हणून असतील, असं मला वाटलं. पाणी प्यायले, नातीला बघून आले, माझ्या समोर खुर्ची अगदी जवळ ओढून बसले आणि म्हणाले, “ईवाई, एक गोष्ट बोलायची व्हती. तुमच्याशिवाय कुनाला बोलता येईना.” मी म्हटलं, “बोला की, आपलंच घर हाये!” आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलायला लागलो. नातीचं नाव काय ठेवायचं, बाप्तिस्म्याला पाळकसाहेबांना कधी बोलवायचं, पंगतीत काय करायचं. ते माझ्या ओठांकडं बघत होते. आतल्या खोलीत नातीनं टाहो फोडला, सगळं घर दणाणलं. व्याही शांतपणे म्हणाले, “निजली असंल लेकरू. उठवू नका.” मी म्हटलं, “तुमची चेष्टा काही जात न्हाई, ईवाई!” आणि पुढं बोलत राहिलो. पुन्हा एकदा त्यांनी “ते मी काय म्हनत व्हतो,” म्हणून सुरुवात केली. मला वाटलं, दुकानाची काहीतरी अडचण असेल. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, “काही काळजी करू नका, आपण प्रभूपुढं ठेवू,” आणि डोळे मिटून प्रार्थनेला लागलो. चांगली वीस मिनिटं केली. दुकान आलं, हंगाम आला, नात आली, जावयाची बदली आली. सुंदर झाली प्रार्थना, माझी मलाच आवडली. आमेन म्हणून डोळे उघडले तर व्याही उभे होते, पिशवी हातात. “येतो,” म्हणाले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो, तेही बोलतच.

तिसऱ्या महिन्यात पोरगी सासरी गेली, आणि जे मला इतक्या महिन्यांत दिसलं नाही ते तिला दोन दिवसांत दिसलं. उशीच्या अभ्र्यावर पू दिसला, हाका मारल्या तर ओ येईना. तिनं नवऱ्याला रजा काढायला लावून त्यांना नांदेडला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. दोन्ही कान कधीपासून वाहत होते, आतलं हाड पोखरत रोग खोलवर गेला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला, कान गेले. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणलं असतं तर एक कान तरी राहिला असता. दवाखान्याच्या जिन्यात पोरगी मला म्हणाली, “बाबा, मामा तुमच्याकडं आले व्हते ना?” सासऱ्याला ती मामा म्हणते. “नांदेडला सोबत चला, म्हनून सांगायला आले व्हते. पोराला सांगितलं तर गावभर व्हईल, मोटर ऐकनारा मेस्त्री बहिरा झाला म्हनून गिऱ्हाईक तुटंल. आन् डॉक्टर काय म्हनतो ते मामांना ऐकू न्हाई आलं तर? म्हनून कुनीतरी ऐकनारं सोबत पाहिजे व्हतं. तुमी काय म्हनलात त्यांना?” तीच म्हणाली, “तुमी प्रार्थना केली म्हने.” तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी तापात पडलो होतो तेव्हा त्या माणसाला माझं नाव ऐकू आलं होतं, आणि तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला तरी मला त्याचं ऐकू आलं नाही. देवाचं ऐकावं कसं, यावर मी सभेत तीन गुरुवार बोललो होतो, तेही याच सुमारास. लाज वाटते सांगायला.

एक महिनाभर माझं कुरुंद्याला जायचं धाडस होईना. मग एका गुरुवारी सभा दुसऱ्याकडं सोपवली आणि गेलो. दुकान उघडं होतं. पेचकस खिळ्याला टांगलेला, आणि व्याही मोटरच्या अंगावर तळहात पसरून बसलेले. आता ते असंच करतात. थरथर हाताला लागते तेवढ्यावर ओळखतात. पूर्वीइतकं जमत नाही, गिऱ्हाईकही निम्म्यानं कमी झालंय. शिंपी मात्र अजून ते बसले की मशीन थांबवतो. मी म्हटलं, अहो, आता कशाला? तो म्हणाला, “सवय हाये, गुरुजी.” मी नातीसाठी आधीच घेऊन ठेवलेली पाटी पिशवीतून काढली आणि तिच्यावर लिहिलं, ‘मी तुमचं ऐकलं नाही. मला माफ करा.’ छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला माझा हात, पण अक्षर वाकडं आलं. त्यांनी वाचलं, सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि म्हणाले, “आता कितीबी प्रार्थना करा, ईवाई. मला काही तकलीफ न्हाई.” आणि हसले. मीही हसायला गेलो आणि तिथंच, त्या जळक्या मोटारींमध्ये, लहान पोरासारखा रडलो. त्यांनी रडू दिलं. मग मी पाटीवर लिहिलं, ‘देवाचं अजून ऐकू येतं का?’ त्यांनी पाटी माझ्या हातात परत दिली. “त्याला कुठं कान लागतेत,” म्हणाले. “पन नात बोलायला लागंल आता. ते न्हाई ऐकू येनार.”

तेव्हापासून दर गुरुवारी मी कुरुंद्याला जातो. दुकानात दोघं पाटावर बसतो, डोळे उघडे ठेवून, अर्धा तास. मला अजून देवाचं काही ऐकू आलेलं नाही, माझाच खडखडाट येतो. वेळ झाली की मी आमेन म्हणत नाही, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवतो. मग दोघं त्यांच्या घरी जातो. नात आता दोन वर्षांची झालीय आणि माझ्यावर गेलीय. बोलायला लागली की थांबत नाही. व्याही तिला मांडीवर घेतात, तिच्या पाठीवर तळहात पसरतात आणि माझ्याकडं बघून विचारतात, “काय म्हनून राहिली?” मग मी पाटी घेतो. तिचं सगळं बोलून होईपर्यंत तोंड उघडत नाही आणि ती जसं म्हणाली तसं, शब्दाला शब्द लावून लिहितो. माऊ, भाकर, कप पडला, चिमणी गेली. ते वाचतात, हसतात, पुन्हा तळहात टेकवतात. “एवढंच म्हनली?” मी मान हलवतो. पण लिहून झाल्यावर दरवेळी आठवतं, मध्ये ती आणखी काहीतरी म्हणाली होती आणि ते माझ्याकडून सुटलं. त्यांच्याकडून सुटलं नसतं.